मुळीची दारू आणि माझे बारा म्हातारे उंदीर

"सांडलं का? एक थेंब तरी सांडला का? बघा, नीट डोळे फाडून बघा!"

रुस्कोबुवा ओरडत होता आणि अंगणातली दीडशे माणसं श्वास रोखून बघत होती. ग्लोगोवो गावातला त्रेंदाफिल काका, वय अठ्ठ्याहत्तर, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात घेऊन अक्रोडाच्या झाडापासून विहिरीकडे निघाला होता. महिन्यापूर्वी या माणसाच्या हाताला असं कापरं होतं की सूप तोंडात जायच्या आधी अर्धं मिशीत जायचं. आज पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. त्याने पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवला, तशी त्याची बायको कालिना डोक्याचा रुमाल तोंडाला लावून रडायला लागली. बायकांनी छातीवर क्रूस काढले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

या गर्दीत सगळ्यात पुढे, तोंडाचा आ वासून उभा असलेला, टकला आणि पोट सुटलेला जो इसम होता तो मी. डॉक्टर वेलिन. प्लोवदिव शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं एकच उद्योग केला. उंदरांच्या मेंदूत आठवण कशी टिकते आणि कशी पुसली जाते ते बघायचं. शिवाय सुट्टीच्या दिवशी शाळाशाळांतून चमत्कारांच्या विरोधात भाषणं ठोकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं ऐकलं नसतं.

खरं तर त्या रविवारी मी रुस्कोबुवाचं पितळ उघडं पाडायलाच आलो होतो. शेजारणींनी माझ्या ग्रोझ्दा आत्याला त्याच्या नादी लावलं होतं. आई गेल्यावर या आत्याने मला वाढवलं. माझी शाळा, माझे कपडे, माझी अक्कल, जी काही आहे ती, सगळी तिचीच. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरायला लागले होते आणि विसरणंही सुरू झालं होतं. रश्शात मीठ दोनदा पडायचं. दही कपाटात सापडायचं. एकदा तिने मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारली, आणि मी बाहेर जाऊन उगाचच गाडीची काच पुसत बसलो.

त्रेंदाफिलनंतर बुवाने तिचंच नाव पुकारलं. माझी आत्या, जिला कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, ती एका हातात भरला पेला घेऊन विहिरीपर्यंत गेली. माझ्याकडे बघून हसली. माझे डोळे भरून आले आणि सत्तावीस वर्षांचं विज्ञान नाकावाटे वाहून गेलं.

रुस्कोबुवा पूर्वी बसचा कंडक्टर होता. तिकीट विचारायच्या सुरात तो उपदेश करायचा. पांढऱ्या वाइनमध्ये उकळलेली कसलीशी मुळी, तिला तो 'राणीची मुळी' म्हणायचा. रोज एक चमचा. आणि कुणी काहीही तक्रार केली तरी त्याच्याकडे उत्तर तयार.

"बुवा, तोंडाला कोरड पडते हो," एक म्हातारी म्हणाली.

"पडणारच! मुळी आत पाणी शोधतेय. झाडाची मुळी काय करते? तेच!"

"आणि उन्हात डोळे दिपतात."

"डोळ्यांची दारं उघडली, मावशी. इतकी वर्षं बंद होती."

"पण काल मी माझ्या नातीचं नाव विसरले..."

"वा! छान झालं! जुना कचरा बाहेर पडतोय. घर झाडताना आधी धूळच उडते ना? मग नवी आठवण बसायला जागा होते. पुढे व्हा, पुढे व्हा, मागच्यांना जागा द्या!"

लोक हसले. मीही हसलो. वाटलं, गडी गमतीदार आहे, पण हात तर थांबलाय ना? मग मी बुवाकडून एक बाटली घेतली आणि स्वतःशी म्हणालो, वेलिन, तू वैज्ञानिक आहेस, तू प्रयोग करून बघशील. पोटात मात्र आधीच ठरलं होतं की प्रयोग यशस्वी व्हावा.

आमच्या प्रयोगशाळेत एक मोठं गोल टाकं आहे. त्यात पाणी भरून दुधाची भुकटी टाकायची, म्हणजे तळ दिसत नाही. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा पाट ठेवलेला असतो. उंदराला पाण्यात सोडलं की तो पोहत पोहत पाट शोधतो. पहिल्या दिवशी चुकत माकत, पण पुढे भिंतीवरची चित्रं बघून त्याला जागा आठवते आणि तो सरळ तिथे जातो. म्हाताऱ्या उंदराला जागा आठवत नाही. माझ्याकडे असे बारा पेन्शनर उंदीर होते.

हे प्रयोग करायची एक शिस्त आहे आणि ती मी स्वतः नव्या पोरांच्या डोक्यात ठोकून बसवतो. कुठल्या उंदराला काय दिलं हे पोहायला सोडणाऱ्याला कळता कामा नये. माणसाने पडद्यामागे उभं राहायचं. जे बघायचं ते टाक्यावरच्या कॅमेऱ्याने. हे सगळं नीट होतंय की नाही यावर आमच्या स्ताम्काबाईंची नजर असते. बाई पिंजरे सांभाळतात. उंच, हाडकुळ्या, रोडोपी डोंगरातल्या मेंढपाळाची मुलगी, आणि जिभेला धार अशी की संचालकसुद्धा त्यांच्यासमोर टोपी काढतात. पण त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं म्हणून त्या महिनाभर वार्नाला गेल्या होत्या. त्यामुळे पुढच्या रविवारी प्रयोगशाळेत मी, बारा उंदीर आणि चीज भरलेल्या बानित्साचा एक मोठा तुकडा, एवढेच होतो.

सहा उंदरांना नुसती वाइन दिली, सहांना मुळीची वाइन. चार दिवस, रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर, हाच खेळ. चौथ्या दिवशी मुळीवाले सहाच्या सहा उंदीर पाण्यात पडताच वळले आणि बाणासारखे पाटाकडे गेले. वाइनवाले बिचारे टाकंभर भटकत बसले. मी एकटाच टाक्याभोवती नाचलो. हो, नाचलो. माझ्या वजनाचा माणूस नाचतो तेव्हा कपाटातल्या बाटल्या वाजतात.

इथपर्यंत मी नुसताच मूर्ख होतो. पुढे जे केलं त्याने मी धोकादायक मूर्ख ठरलो. मी त्या आकड्यांचा आलेख काढला, खाली लिहिलं, 'स्मरणशक्तीत लक्षणीय सुधारणा', आणि त्यावर प्रयोगशाळेचा गोल निळा शिक्का मारला. आमच्या देशात शिक्क्याशिवाय माणूस मेला असंही कुणी मानत नाही. तो कागद मी रुस्कोबुवाला नेऊन दिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होईल. आणि आत्याला सांगितलं, "एक चमचा कशाला? उंदरांच्या हिशेबाने तुला तीन चमचे बसतात."

"तू म्हणतोस तर तीन," आत्या म्हणाली. तिने माझ्यावर कधी शंकाच घेतली नाही.

पुढचे तीन शनिवार मी तिच्याकडे गेलो. पहिल्या शनिवारी तिने मला तोच प्रश्न पाचदा विचारला. दुसऱ्या शनिवारी ती दुपारभर गोधडीवरून कोंबड्या हाकलत होती. गोधडीवर कोंबड्या नव्हत्या. आणि मी, मेंदूचा डॉक्टर, स्वतःला काय समजावत होतो? जुना कचरा बाहेर पडतोय म्हणून! तिसऱ्या शनिवारी ती झोपलेलीच होती. मी तिच्या उशाशी बाटली आणि चमचा नीट मांडून ठेवला आणि परत आलो. हे लिहितानासुद्धा माझी मान वर होत नाही.

सोमवारी स्ताम्काबाई परतल्या. मी त्यांना मोठ्या ऐटीत कॅमेऱ्याच्या फिती दाखवल्या.

बाईंनी मुळीवाल्यांच्या सहाही फिती बघितल्या. मग पहिली पुन्हा लावली आणि चित्राच्या कडेला बोट ठेवलं. "डॉक्टर, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"हे गोल. टाक्याच्या कडेला टेकलेलं. वर खाली होतंय."

मी वाकून बघितलं. "ते... ते माझं पोट आहे, बाई."

"आणि पाट कुठे आहे?"

पाट माझ्या पोटासमोर होता. दुसऱ्या फितीतही. तिसऱ्याही. मुळीवाल्या प्रत्येक उंदराच्या वेळी मी टॉवेल हातात घेऊन, डोळ्यांत प्राण आणून, बरोबर पाटाशी उभा होतो. कधी एकदा तो पोचतो आणि मी त्याला उचलून पुसतो, असं झालं होतं मला. वाइनवाल्यांच्या वेळी मात्र मी टेबलापाशी बसून बानित्सा खात होतो.

"उंदरांना जागा आठवली नाही, डॉक्टर," स्ताम्काबाई म्हणाल्या. "त्यांना तुम्ही दिसलात. माझा बाप मिठाची पिशवी घेऊन उभा राहिला की मेंढ्यासुद्धा अशाच जायच्या. त्यांना काही आम्ही हुशार म्हटलं नाही."

बाईंनी मग सगळा प्रयोग नव्याने लावला. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी बदलल्या, पाट दुसरीकडे हलवला, पडदा ओढला, आणि मला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात बसवलं. "तुम्ही इथे. आणि खिडकीतून डोकावायचं नाही." मी तसाच बसलो.

गुरुवारी निकाल आला. मुळीवाले सहा उंदीर भिंतीला घासून गोल गोल पोहत होते, वाइनवाल्यांपेक्षाही वाईट. पिंजऱ्यात परत गेल्यावर पाण्याच्या नळीला चिकटून बसत होते.

"असे कोण पोहतात, डॉक्टर?" बाईंनी विचारलं. "ओळखीचं वाटत नाही?"

वाटत होतं. दर आठवड्याला मीच तरुण उंदरांना आठवण पुसणारं स्कोपोलामिन टोचतो आणि ते जागा विसरून नेमके असेच भिंतीकडेने फिरतात. बाईंनी बाटलीच्या तळाचा गाळ बशीत काढला, मुळीचा एक तुकडा हातात घेतला आणि हुंगला. "काळी चकचकीत फळं येतात याला. बेलाडोना. आमच्याकडे वेडी मुळी म्हणतात. आई मेंढ्यांनासुद्धा त्या बाजूला जाऊ द्यायची नाही."

सगळं माझ्याच पाठ्यपुस्तकातलं होतं. मेंदूत अॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन आहे. एका पेशीचा निरोप ते दुसऱ्या पेशीला पोचवतं. नवी आठवण बसते ती त्याच्याच जोरावर. पण हातापायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात त्याचं पारडं जड झालं की हात थरथरतो. वेडी मुळी या निरोप्याला दारातच अडवते, आणि ती सगळ्याच दारांवर अडवते. म्हणून कापरं थांबतं, म्हणून तोंड सुकतं, म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन ऊन सोसत नाही, आणि म्हणूनच माणूस विसरतो. उंदरांत हे मी सत्तावीस वर्षं बघत होतो. स्वतःच्या आत्यात बघितलं तेव्हा त्याला चमत्कार म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी ग्लोगोवोला पोचलो. आत्या व्हरांड्यात बसली होती. मला बघून ती उठली, खुर्ची पुढे केली आणि किटलीतून माझ्यासाठी कॉफी ओतली. हात अगदी स्थिर. बशीत एक थेंब नाही.

"बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही कुणाकडे आलात?"

"आत्या, मी वेलिन."

"वेलिन शाळेत गेलाय," ती अदबीने म्हणाली. "येईलच आता. तुम्ही घ्या, गार होईल."

मी ती कॉफी प्यायलो. काय करणार? मग बाटली परसात ओतली आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे बघितले, नाडी बघितली आणि मला विचारलं, "हे कुणी दिलं यांना?"

"मी."

"तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी भरतीचा कागद पुढे ओढला. "दोन दिवस इथेच राहू दे. अंगातून उतरेल. भ्रम जाईल. पण मूळचा विसराळूपणा आहेच, त्यातलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही."

शनिवारी तिला घरी आणलं. झोप आणि गुंगी यांच्यात ती पडून होती, आणि मला ओळखत नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रुस्कोबुवाच्या दारावर माझ्या शिक्क्याचा कागद टांगलेला, आणि माझ्या भरवशावर गाव ती मुळी पीत असणार! आत्याला शेजारणीपाशी ठेवून मी निघालो. स्ताम्काबाई बसने आल्या होत्या. "एकट्याने गेलात तर पुन्हा बाटली घेऊन याल," एवढंच म्हणाल्या.

अंगण माणसांनी फुललं होतं. कागद चौकटीत घालून, शिक्क्याभोवती फुलं लावून टांगला होता. मी सरळ गेलो आणि तो दारावरून काढला.

"अहो, अहो! काय करता?" बुवा धावला. "हाच तो डॉक्टर, मंडळी! याच्याच उंदरांनी सिद्ध केलं!"

"उंदरांनी काही सिद्ध केलेलं नाही!" मी ओरडलो. "मी गाढव आहे एवढंच सिद्ध झालंय!" आणि सगळं सांगितलं. पोट, टॉवेल, बानित्सा, सगळं. लोक आधी हसले, मग चिडले. एकाने माझी कॉलर धरली.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललास की आता?"

"तेव्हा. आणि खोटं बोलतोय हे मला कळतही नव्हतं. माझी आत्या बरी व्हावी म्हणून मला ते खरं हवं होतं."

"शिक्का आहे की त्यावर!" मागून कुणीतरी म्हणालं.

"शिक्का ड्रॉवरमध्ये असतो, बाबा," स्ताम्काबाई पुढे आल्या. "ज्याच्याकडे ड्रॉवरची किल्ली, तो मारतो. तुम्ही शिक्क्याकडे बघू नका, एकमेकांच्या डोळ्यांत बघा. या, सावलीतून बाहेर या. जो मुळी पितो तो एकीकडे, जो पीत नाही तो त्याच्यासमोर."

बुवा म्हणाला, उन्हात मुळीचा गुण जातो. पण गावकऱ्यांना गंमत वाटली आणि दहा-बारा जोड्या उन्हात उभ्या राहिल्या. भर दुपारच्या उन्हात माणसाची बाहुली मोहरीएवढी होते. मुळी पिणाऱ्यांच्या डोळ्यांत ती बटणाएवढी काळी होती. एकेक जण बघायला लागला आणि गलका हळूहळू कमी झाला.

"हे विष आहे," मी म्हणालो. "हात थांबतो हे खरं. बुवा त्यात खोटं बोलला नाही. तो थांबवायला काय जातं, ते त्याने सांगितलं नाही."

कालिना पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता. "डॉक्टर, तुम्हाला बोलायला काय जातं? माझा नवरा दोन महिने स्वतःची दाढी स्वतः करतोय. तीन वर्षांत पहिल्यांदा! ते मी सोडून देऊ?"

मी म्हणालो, "कापऱ्यावर औषधं आहेत, काकू. मोजून देणारे डॉक्टर आहेत, आणि कशाला जपायचं ते आधी सांगतात. पण आत्ता तुम्ही काकांना एवढंच विचारा, की तुम्ही कोण."

"हे काय विचारणं झालं?" ती फणकारली. मग नवऱ्याकडे वळली. त्रेंदाफिल काका भरला पेला हातात धरून उभा होता, नेहमीप्रमाणे. "अहो, सांगा यांना, मी कोण ते."

काकाने तिच्याकडे बघितलं. अगदी प्रेमाने बघितलं. पेल्यातलं पाणी हललं नाही.

"चांगल्या घरची दिसतेस, बाई," तो म्हणाला. "कुणाची गं तू?"

कालिनाने त्याच्या हातातून पेला काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला. ठेवताना पाणी तिच्या हातून सांडलं. मग ती नवऱ्याला हाताला धरून फाटकाकडे घेऊन गेली, आणि तिच्यामागून लोक एकेक करत निघाले. बुवा ओरडत राहिला, "कचरा आहे हो तो, जुना कचरा!" त्या दिवशी त्यावर कुणी हसलं नाही. सरपंच बाटल्या गोळा करून तालुक्याला पाठवायच्या कामाला लागला.

मी परत आलो तेव्हा आत्या व्हरांड्यात गोधडी घेऊन बसली होती. मी समोरच्या खुर्चीत बसलो. तिने गोधडीवरून मान वर केली. मी वाट बघत होतो, आता 'बसा ना' म्हणेल.

"वेलिन, शर्टाचं बटण कुठे घालवलंस?"

मी खाली बघितलं. कॉलर धरली तेव्हा तुटलं असणार.

"असा काय बघतोस धोंड्यासारखा? सुई-दोरा आण. या वयात मारामाऱ्या करतोस होय रे मेल्या?"

मी सुई आणली. दोरा ओवायला तिने हात उचलला आणि तो थरथरायला लागला, पूर्वीसारखाच. चार वेळा प्रयत्न केला, जमलं नाही. ती चिडली, सुईला शिव्या दिल्या. मग मी दोरा ओवून दिला आणि तिने बटण लावलं. वाकडं लागलं, आणि लावताना दोनदा मला टोचलं. मी रडत होतो, ते सुई टोचल्यामुळेच, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने पुन्हा मला बापाच्या नावाने हाक मारली. मूळचा विसराळूपणा राहणारच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण आता कुणाच्या चमच्याने उरलेली आठवण लवकर जाणार नाही.

मंडळी, मला उपदेश करायचा हक्क राहिलेला नाही, तरी करतो. कुणी चमत्कार दाखवला तर तीन गोष्टी विचारा. हे मोजलं कुणी? मोजताना तो कुठे उभा होता? आणि हे खरं ठरावं असं त्याला आतून किती वाटत होतं? बुवाला विचारा, वैद्याला विचारा, आणि समोर माझ्यासारखा शिकलेला, शिक्केवाला माणूस असेल तर दोनदा विचारा. विचारल्याने कुणाचं प्रेम कमी होत नाही. माझ्या आत्याने मला एकदा तरी विचारलं असतं, "तीन चमचे कशावरून रे?", तर मला उत्तर देता आलं नसतं, आणि ती चमचा खाली ठेवून स्वयंपाकाला लागली असती.